कलम नऊ आणि आमचा कार्बोरेटर

आमची मोटरसायकल बंद पडते असं म्हणणाऱ्याशी मी वाद घालतो. बंद पडणारी गाडी बंद पडते आणि बंदच राहते, त्यात माणसाला निदान काहीतरी ठरवता येतं. आमची गाडी बरोबर दहा मिनिटं ऐटीत चालायची, अकराव्या मिनिटाला दोनदा खोकायची आणि थांबायची. मग मी घाम निथळेपर्यंत किक मारायच्या आणि तिने ढिम्म हलायचं नाही. तेवढ्यात रस्त्यावरचा कुणीही सोम्यागोम्या यायचा, तिच्याशी काहीतरी खुडबूड करायचा आणि ती पहिल्या किकला सुरू व्हायची. माझा हात सोडून जगातल्या कुठल्याही हाताने ती चालू होत असे. हा अपमान मी तीन आठवडे सोसला, आणि त्याची हकीकत आता सांगायला हरकत नाही.

सुरुवात एका पत्राने झाली. वाहन तपासणी कार्यालयाने कळवलं होतं की गाडीला बावीस वर्षं पूर्ण झाल्यामुळे तिने त्यांच्या मैदानावर न थांबता वीस मिनिटं चालून दाखवावं. दोन संधी मिळतील. दोन्ही वेळा नापास झाल्यास नोंदणी रद्द आणि गाडी भंगारात. माझी बायको दवाखान्यात परिचारिका आहे. वाईट बातमी शांतपणे वाचायची तिला सवय आहे. तिने पत्र वाचलं, नीट घडी घातली आणि म्हणाली, “चला, सुटलात एकदाचे.”

मला सुटायचं नव्हतं. मी नळजोडणी कार्यालयात वरिष्ठ लिपिक आहे. तिथे माझ्या डोक्यावर तीन साहेब आहेत, आणि घरात पंखा कितीवर ठेवायचा हेसुद्धा माझ्या मताने ठरत नाही. दिवसाकाठी मी वळवीन तिकडे वळणारी आणि थांबवीन तिथे थांबणारी एकच वस्तू माझ्याकडे आहे, ती ही मोटरसायकल. तिला कुणीतरी क्रेनने उचलून पत्र्याच्या ढिगावर टाकतंय हे चित्र डोळ्यांसमोर आलं की जेवण जाईना.

तेव्हा मी कंबर कसली. पत्रासोबत चौदा कलमांचा फॉर्म होता. मी स्वतः एकवीस वर्षं लोकांचे फॉर्म परत पाठवत आलोय. निळ्या शाईच्या जागी काळी वापरणारे, समासात लिहिणारे, सहीवर तारीख टाकायला विसरणारे, सगळे माझ्या हातून परत गेलेले आहेत. त्यामुळे फॉर्मचा मान कसा राखायचा हे मला कुणी शिकवायला नको. हॉर्न, आरसे, दिवे, ब्रेक असं एकेक कलम मी टिकमार्क करत पुढे गेलो आणि कलम नऊपाशी आलो. ‘इंधनाची टाकी व तिचे झाकण यांस कोणतेही छिद्र, भेग अथवा गळती नसावी.’

मी भिंग घेऊन टाकी तपासली. टाकी निर्मळ होती. झाकणाच्या बरोबर मधोमध मात्र मोहरीच्या दाण्याएवढं छिद्र सापडलं. बावीस वर्षं हे छिद्र माझ्या नाकाखाली होतं आणि मला पत्ता नाही! मी लगेच पुट्टी कालवली, छिद्र बुजवलं, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासलं आणि वरून काळा रंग दिला. मग बायकोला बोलावून दाखवलं. “छान,” ती म्हणाली. “आता ते हात धुवा आणि जेवायला या.”

दुसऱ्या दिवशी ऑफिसला जाताना अकराव्या मिनिटाला गाडी खोकून थांबली.

थांबली ती एका बँकेसमोर. मी आठ-दहा किक मारल्यावर बँकेचा रखवालदार पायऱ्या उतरून आला आणि त्याने तो प्रश्न विचारला. “पेट्रोल आहे का?”

या प्रश्नाबद्दल मला थोडं बोलायचं आहे. बंद गाडीशेजारी उभ्या असलेल्या सुशिक्षित माणसाला हा प्रश्न विचारणं म्हणजे त्याला बाराखडी येते का विचारण्यासारखं आहे. मी दर सोमवारी टाकी भरतो आणि वहीत तारीख लिहितो. मला झाकण उघडून बघावं लागत नाही आणि मी कधी बघतही नाही. पण विचारणाऱ्याला आपल्या शब्दाची किंमत नसते. तो स्वतः झाकण उघडतो, एक डोळा मिटून आत बघतो, “आहे की,” असं जरा हिरमुसून म्हणतो, झाकण लावतो आणि मगच त्याचं ज्ञान सुरू होतं. रखवालदाराने अगदी असंच केलं. नंतर त्याने गाडी डावीकडे झुकवायला लावून पाचपर्यंत आकडे मोजले आणि म्हणाला, “मारा आता.” मारली. सुरू!

“कार्बोरेटरमध्ये कचरा आहे साहेब,” तो म्हणाला. “झुकवली की कचरा बाजूला सरतो.”

पुढचे तीन दिवस मी भर रस्त्यात गाडी डावीकडे झुकवून मोठ्याने आकडे मोजत होतो. पाचपर्यंत मोजले, पंधरापर्यंत मोजले, उजवीकडे झुकवून उलटेही मोजले. काही नाही. मग एका शिंप्याने दुकानातून येऊन प्लगची टोपी काढून परत बसवली, आणि गाडी सुरू. दोन दिवसांनी एका निवृत्त हेडमास्तरांनी मागच्या टायरवर छडीसारखी छत्री मारली, तरी सुरू! अर्थात दोघांनीही आधी पेट्रोल आहे का ते बघून माझी लाज काढलीच होती. उपाय प्रत्येकाचा वेगळा, पण निदानाबाबत मात्र सगळ्यांचं एकमत होतं. कार्बोरेटर.

आमच्या वरच्या मजल्यावर एक काका राहतात. त्यांनी तीस वर्षं गिरणीतला बॉयलर सांभाळला. त्यांच्या मते जगातली प्रत्येक यंत्र म्हणवणारी वस्तू ही बॉयलरची गरीब भावकी आहे. ते जिना उतरून आले, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि म्हणाले, “अरे, कार्बोरेटर म्हणजे असतं काय? एक वाटी, त्यात तरंगणारा एक फ्लोट आणि पेट्रोल जायला दोन बारीक भोकं. खोल, धू, लाव. अर्ध्या तासाचं काम.”

हा अर्धा तास शनिवारी सकाळी दहाला सुरू झाला आणि रविवारी संध्याकाळी संपला.

बायको ड्यूटीवरून आली तेव्हा जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरलेलं होतं, तिच्या चांगल्यातल्या स्टीलच्या ताटात कार्बोरेटर एकवीस तुकड्यांत पडला होता, आणि काका व मी फ्रिजखाली आडवे होतो. एक स्प्रिंग ‘टिंग’ करून उडाली होती. फ्रिजखाली आम्हाला तीन पेनं, एक चमचा आणि एक थर्मामीटर सापडला. हा थर्मामीटर मीच हरवला असा माझ्यावर दोन वर्षं आरोप होता, त्यामुळे मी तो उंच धरून बायकोला दाखवला. तिने तिकडे लक्ष दिलं नाही. तिने काकांच्या शर्टाची दुमडलेली बाही उलगडली, आतली स्प्रिंग चिमट्याने उचलली आणि ताटात टाकली. “आणि हे ताट परत जेवायला वापरणार नाही मी,” ती म्हणाली.

काकांनी मला बारीक भोकांच्या पितळी तुकड्यात, म्हणजे जेटमध्ये, तोंडाने फुंकर मारायला लावलं. फुंकर गेली की नाही माहीत नाही, पण त्यातलं पेट्रोल मात्र माझ्या तोंडात आलं. पुढचे दोन दिवस चहालासुद्धा तीच चव होती, आणि मला ढेकर आला की बायको मला शेगडीपासून लांब बसवायची. जोडणी पूर्ण झाल्यावर एक स्क्रू उरला. “बॉयलरमध्येही उरायचा,” काका म्हणाले. “जादा देतात.”

गाडी दहा मिनिटं चालली आणि गल्लीच्या तोंडाशी थांबली. काका चालत आले, पेट्रोल पाहिलं, फ्रिजखालच्या त्या चमच्याने कार्बोरेटरच्या वाटीवर टकटक केलं. सुरू! “फ्लोट अडकतो रे,” काका म्हणाले. “चमचा खिशात ठेवत जा.” त्यानंतर आठवडाभर मी खिशात चमचा घेऊन ऑफिसला गेलो. माझ्या साहेबांनी तो पाहिला आणि आजारी आहात का म्हणून विचारलं.

शेवटी मी अभिमान गिळून मिस्त्रीकडे गेलो. दुकान चकाचक होतं आणि मिस्त्रीच्या हातात पाना नव्हता, वायर लावलेला टॅब होता. ती वायर जोडायला तो माझ्या गाडीवर सॉकेट शोधू लागला. सीटखाली बघितलं, दिव्याखाली बघितलं, शेवटी त्याला कार्बोरेटर दिसला आणि तो हरखून गेला. “अहो, हिला कार्बोरेटर आहे!” असं ओरडून त्याने दोन सहकाऱ्यांना बोलावलं. तिघांनी गाडीबरोबर फोटो काढला. फोटोत मीही यावं असा त्यांचा आग्रह होता, जुनी जोडी म्हणून. मग त्याने झाकण उघडून पेट्रोल पाहिलं, एक स्क्रू पाव फेरा फिरवला, किक मारली. सुरू! मी घरी निघालो आणि दहा मिनिटांनी आमच्याच फाटकासमोर थांबलो.

अशा अवस्थेत तपासणीचा पहिला दिवस उजाडला. तिथल्या लिपिकाकडे फॉर्म होता आणि टॉर्च होता. त्याने एकेक कलम पाहिलं. कलम नऊला त्याने माझ्या झाकणावर प्रकाश टाकला, त्यावर बोट फिरवलं आणि म्हणाला, “असं झाकण मी नोकरीत पाहिलं नाही.” दोन आठवड्यांत मला कुणी म्हटलेलं हे पहिलं चांगलं वाक्य होतं. त्यामुळे मी ताठ बसून मैदानात गेलो आणि अकराव्या मिनिटाला मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला थांबलो. निरीक्षकांनी शिट्टी मारली. रांगेतल्या पन्नास लोकांच्या देखत मी गाडी ढकलत आणली. रांगेतला पहिलाच माणूस पुढे आला. “पेट्रोल आहे का?” त्याने झाकण उघडलं, लावलं, किक मारली. सुरू!

“आता सुरू होऊन काय उपयोग?” निरीक्षक म्हणाले आणि फॉर्मवर ‘चालता चालता थांबते’ असा शेरा मारला. दुसरी आणि शेवटची संधी पुढच्या शुक्रवारी होती.

त्या आठवड्यात मी कार्बोरेटर चार वेळा खोलला. इतकी कसून चौकशी एखाद्या सराईत चोराचीही होत नाही. काकांचाही धीर सुटत चालला होता. त्यांनी बुधवारी इंजिनाचं टायमिंगसुद्धा, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, ‘जरासं’ पुढे घेतलं. परिणामी मी किक मारली तेव्हा किकनेही मला मारली. दांडा उलटा फिरून नडगीवर असा बसला की मी पुढच्या जिन्यावर एका पायाने तीन पायऱ्या चढून गेलो होतो हे मला नंतर कळलं. टायमिंग काकांनी गुपचूप पूर्ववत केलं. बायकोने पायाला बँडेज बांधलं आणि तीन आठवडे किक मारायची नाही असं बजावलं.

परवा तपासणी आणि माझा पाय स्टुलावर. सगळं संपलं होतं. मी भिंतीकडे तोंड करून पडलो, आणि खोटं कशाला बोलू, डोळ्यांत पाणी आलं. बायको बराच वेळ बँडेजची गुंडाळी गुंडाळत बसली होती.

“शुक्रवारी मी चालवते,” ती म्हणाली.

“तुला येते?”

“लग्नाआधी बाबांची चालवायचे. गिअरचं लायसन्स आहे माझं.”

“मला कधी बोलली नाहीस!”

“तुम्ही कधी विचारलंत?”

गुरुवारी ती ड्यूटीवरून आली आणि तशीच सरावाला लागली. मी फाटकाशी खुर्ची टाकून बसलो, काका वरच्या गॅलरीत. बायको इमारतीभोवती फेऱ्या मारू लागली. पहिली फेरी जरा बिचकत, दुसरी बरी, तिसरीला तिने पदर खोचला आणि चौथीला ती गाणं गुणगुणत होती. अकराव्या मिनिटाला गाडी माझ्यासमोर खोकली आणि थांबली.

“चमचा देऊ का?” काका वरून ओरडले.

बायकोने कुणाला काही विचारलं नाही. ती उतरली आणि सरळ झाकण उघडलं. त्याबरोबर ‘स्स्स’ असा लांब आवाज आला, टाकीने जोरात श्वास घ्यावा तसा. ती थबकली. तिने झाकण लावलं, किक मारली, दहा मिनिटं फिरून आली, गाडी थांबल्यावर पुन्हा झाकण उघडलं. ‘स्स्स’.

“अहो,” ती म्हणाली, “हिची सलाईन अडकलीये.”

“काय?”

“काचेच्या बाटलीला वरून हवेची सुई लावावी लागते. नाही लावली तर बाटलीत हवा शिरत नाही, आणि हवा शिरली नाही की थेंब पडायचा थांबतो. थेंब थांबला की आम्ही आधी बाटली बघतो, पेशंटला टोचत बसत नाही. हिच्या टाकीत हवा कुठून जाते?” तिने झाकण उलटसुलट केलं आणि मधोमध नखाने खरवडलं. काळ्या रंगाखालून पांढरी पुट्टी निघाली. “हे कुणी बुजवलं?”

मी माझ्या बँडेजकडे बघत राहिलो.

“अहो, मी विचारतेय.”

“कलम नऊ,” मी म्हणालो आणि फॉर्म पुढे केला.

तिने कलम वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग ती हसायला लागली. आधी उभ्याने, मग गाडीला टेकून, शेवटी फाटकाच्या कट्ट्यावर बसून, डोळे पुसत. ज्याने ज्याने पेट्रोल बघायला झाकण उघडलं होतं त्याने त्याने नकळत हवा आत सोडली होती, आणि मी एकटाच शहाणा कधी झाकण उघडत नव्हतो. हे माझ्या ध्यानात आलं आणि मलाही हसू फुटलं. “मी पहिल्यापासून सांगत होतो!” काका गॅलरीतून गरजले. “प्रेशर! शेवटी सगळं प्रेशरच!” बायकोने पर्समधून इंजेक्शनची सुई काढून छिद्र मोकळं केलं, आणि गाडी पंचवीस मिनिटं अखंड चालली. तीही थांबवली म्हणून थांबली.

आनंद फार टिकला नाही, कारण छिद्र मोकळं झालं आणि कलम नऊ मोडलं. काकांनी सुचवलं की तपासणीपुरती थोडी कणीक लावू आणि मैदानात शिरताना पुसून टाकू. पण मी एकवीस वर्षांत फॉर्मशी खोटं बोललो नाही आणि लिपिकाला फसवणं म्हणजे मला स्वतःला फसवण्यासारखं वाटलं. काय व्हायचं ते होवो म्हणत शुक्रवारी बायको गाडीवरून आणि काका व मी रिक्षाने मैदानावर पोचलो.

लिपिकाचा टॉर्च झाकणावर येऊन थांबला. “छिद्र,” तो म्हणाला. “मागच्या वेळी नव्हतं.”

“बुजवलं होतं,” मी म्हणालो.

“मग उघडलंत कशाला?”

“त्याशिवाय गाडी चालत नाही.”

“आणि त्याच्यासकट फॉर्म चालत नाही.”

काकांनी त्याला बॉयलर समजावला. बायकोने सलाईन समजावली, अगदी हाताने बाटली धरून दाखवली. लिपिकाने सगळं लक्षपूर्वक ऐकून घेतलं. “ताई, मला पटतंय,” तो कळवळून म्हणाला, “पण पटण्याला रकाना नाही.” आणि त्याने ‘अपात्र’ लिहायला पेन उचललं.

मी त्या पेनाकडे बघत होतो. निळी शाई, अक्षर सरळ, समास सोडलेला. हा माणूस दुष्ट नव्हता, हा मीच होतो. आणि माझ्यासारख्याला कारण लागत नाही, शब्द लागतो, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? मी काठी टेकत पुढे झालो.

“कलम चौदा काय आहे?”

त्याने वाचलं. “‘कंपनीने बसवलेले सर्व मूळ भाग जागेवर व सुस्थितीत असावेत.’”

“मग हे छिद्र नाही,” मी म्हणालो. “छिद्र पडतं. हे कंपनीने पाडलंय. हा वायुमार्ग आहे. नऊमध्ये ‘छिद्र नाही’ लिहा. चौदामध्ये घ्या, ‘वायुमार्ग, एक, जागेवर व सुस्थितीत’.”

लिपिकाने टॉर्च खाली ठेवला. “वायुमार्ग,” तो हळूच म्हणाला, आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने लिहिलं, तारीख टाकली, खाली रेघ ओढली. मग मान वर करून आदराने विचारलं, “आपण कुठल्या खात्यात?”

“नळजोडणी.”

तो खुर्चीवरून उठला आणि त्याने माझ्याशी हात मिळवला. तीन आठवड्यांची झीज त्या क्षणी भरून आली.

बायको मैदानात गेली. अकराव्या मिनिटाला मी काकांचा दंड इतका घट्ट धरला की ते ओरडले. बारावं गेलं. पंधरावं गेलं. विसाव्याला निरीक्षकांनी शिट्टी मारली, पण ती थांबली नाही. तिने आणखी एक फेरी मारली, मग आणखी एक, तीही चांगली वाकून. “ताई, झाली! पास झाली!” निरीक्षक हात हलवत ओरडत होते. ती आली तेव्हा तिचे केस विस्कटले होते आणि चेहरा मी बऱ्याच वर्षांत पाहिला नव्हता असा झाला होता.

काका माझी काठी घेऊन रिक्षाने गेले. मी दाखला खिशात घातला आणि बँडेजचा पाय बाहेर काढून पहिल्यांदाच माझ्या मोटरसायकलवर मागच्या सीटवर बसलो. तिथून रस्ता वेगळाच दिसतो. मुख्य म्हणजे दिसतच नाही, समोर पाठ असते.

“पुढे खड्डा आहे,” मी म्हणालो.

“दिसतोय मला.”

“तिसरा टाक आता.”

“टाकलाय.” थोडं अंतर गेल्यावर ती म्हणाली, “सोमवारपासून दवाखान्यात मी हीच नेणार आहे. तुमचं ऑफिस वाटेतच आहे, सोडत जाईन.”

“अगं, पण माझा पाय बरा झाल्यावर—”

“अहो, गप्प बसा ना जरा! मला इंजिन ऐकू येत नाहीये.”

मी गप्प बसलो. खरं सांगायचं तर इंजिन फारच सुरेख चाललं होतं.